अंगण, बालवाडी आणि आपले सभागृह

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला बँकेतल्या आठवणी लिहायला सांगितले होते. त्या आठवणी दर रविवारी बाकड्यावर मी सगळ्यांना ऐकवतोच, त्यामुळे पुन्हा छापून कागद वाया घालवावा असे वाटले नाही. बी. ए.ला माझा इतिहास विषय होता आणि निवृत्तीनंतर वाचायला वेळही भरपूर मिळाला. म्हणून थोडा वेगळा विषय घेतला आहे. विषय आहे बालवाडीचा इतिहास. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवात बालवाडी कुठून आली, असे कुणी विचारेल. लेख शेवटपर्यंत वाचावा, संबंध आहे.

आपल्याकडे उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा थोड्या उशिराने, जूनच्या शेवटी उघडतात. त्या आठवड्यात आपल्या गेटसमोर सकाळी व्हॅन आणि ऑटोची रांग लागते. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, छातीवर पिनेने लावलेला रुमाल. वय तीन, फार तर साडेतीन. कुणी टाटा करत जाते, कुणी आईची ओढणी सोडत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर तीनचाकी चालवणारी मुले आता त्या रांगेत आई-बाबा म्हणून उभी असतात. तेव्हा मनात येते, इतक्या लहान वयात मुलाला घराबाहेर शिकायला पाठवण्याची ही रीत आली कुठून? आणि ती कोणासाठी आली होती?

दसऱ्याची पाटी

आमच्या पिढीतल्या बहुतेकांना बालवाडी ठाऊकच नव्हती. सहा वर्षे पूर्ण झाली की एकदम पहिलीत नाव घालायचे. त्याआधीचा शुभारंभ दसऱ्याला घरीच होई. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळद-कुंकू, फूल वाहायचे आणि आजोबांनी हात धरून ‘श्री’ गिरवून घ्यायचा. त्याच्याही आधीच्या काळी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे काढत. धुळाक्षरे हा शब्द तिथलाच.

बाकीचे शिक्षण सणावारांत होत असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून लहान मुले घरोघर जात, बोजारा मिळवत आणि आलेले पैसे मोजता मोजता बेरीज शिकत. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींच्या भुलाबाई. गाणी पाठ व्हायची, टिपऱ्यांचा ताल हातात बसायचा आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखताना तर्क करायची सवय लागायची. आज ज्याला ‘अॅक्टिव्हिटी’ म्हणतात आणि ज्याची वेगळी फी भरतात, ते हेच. मात्र जुने दिवस म्हणजे सगळे छान, असे मी म्हणणार नाही. पाटीपूजन ज्या घरात पाटी होती त्या घरात होई. पुष्कळ घरांत ती नव्हती.

रोमच्या चाळीतील एक खोली

जगाच्या इतिहासात बालशिक्षणाच्या पुष्कळ पायऱ्या आहेत. जर्मनीत फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. आपल्या ‘केजी’तली दोन अक्षरे तिथलीच. पण सोसायटीच्या सभासदांना सांगण्यासारखी गोष्ट रोमची आहे.

रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत एका गृहनिर्माण कंपनीने जुन्या इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आई-बाप दोघेही कामावर जात, मोठी मुले शाळेत. मागे राहिलेली लहान पोरे जिन्यात धुडगूस घालत आणि नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करत. कंपनीने हिशेब केला. भिंती वारंवार रंगवण्यापेक्षा इमारतीतलीच एक खोली या मुलांना देऊन कुणाला तरी सांभाळायला नेमणे स्वस्त पडेल. त्या कामासाठी बोलावले डॉ. मारिया माँटेसरी यांना. ६ जानेवारी १९०७ रोजी ती खोली उघडली. नाव ठेवले ‘बालगृह’. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासेक मुले होती. हाताला काम मिळाले, आपल्या उंचीचे सामान मिळाले, की हीच दंगेखोर पोरे तासन्तास एकाग्र बसतात, हे डॉक्टरीणबाईंना तिथे दिसले. त्यांची पद्धत पुढे जगभर गेली.

मी बँकवाला असल्यामुळे ही गोष्ट मला विशेष आवडते. रंगकामाचा खर्च वाचवायला निघालेल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खोलीत माँटेसरी शिक्षणाचा जन्म झाला. खोली राहत्या इमारतीतच होती. आई कामावर जाता-येता डोकावू शकत होती.

भावनगर ते बोर्डी

आपल्याकडे हे वारे भावनगरमार्गे आले. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या विचारात त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचे लेखन आले आणि त्यांनी वकिली सोडली. १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मार नाही, धाक नाही. गोष्टी, गाणी, बागकाम. गुजरातेत लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणत.

त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. पण लग्नानंतर काही वर्षे त्या अमरावतीला राहिल्या होत्या, हे आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक असते. नेरहून नांदगाव खंडेश्वरमार्गे अमरावती म्हणजे आपला रोजचा रस्ता. त्या गावात संसार केलेली बाई पुढे महाराष्ट्राच्या बालशिक्षणाची आई झाली. अमरावती सोडल्यावर त्या राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या आणि १९२३ मध्ये ती मानाची नोकरी सोडून भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार.

मग ताराबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. माँटेसरीचे साहित्य महाग, त्यामुळे जी पद्धत रोमच्या कामगारांच्या पोरांवर घडली, ती आपल्याकडे सुखवस्तू घरांपुरती राहू लागली होती. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादर सोडून त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या या बाईने पुढची सगळी हयात या कामाला दिली.

बोर्डीत शाळा काढली, पण गोरगरिबांची मुले शाळेत येईनात. तेव्हा या दोघींनी उलटे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीत जायचे, तिथेच मुलांचे हातपाय-तोंड धुवायचे, केस विंचरायचे, झाडाखाली गाणी-गोष्टी घ्यायच्या. साहित्य काय, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पाने. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज देशभर वापरला जाणारा हा शब्द या अंगणांतला आहे. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानातच कुरणशाळा भरवल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या शेजारच्या वर्ध्यातही याच सुमारास विचार चालू होता. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम निघाली, ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. १९४५ मध्ये सेवाग्रामला तिची कक्षा वाढली आणि सात वर्षांखालच्या मुलांसाठी पूर्व-बुनियादीचा विचार आला. त्यातही स्वच्छता, सकस खाणे आणि आईचे शिक्षण यांना अक्षरांच्या आधी जागा होती.

कापूस वेचणीचे दिवस

सरकारने ही गोष्ट मनावर घेतली २ ऑक्टोबर १९७५ रोजी. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रातली पहिली ठिकाणे म्हणजे मुंबईची धारावी आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातली मेळघाटातली धारणी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणे, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण अशी सहा कामे एका अंगणवाडीकडे दिली.

याची किंमत काय होती, ते मला पुस्तकातून नाही, नोकरीत कळले. पीककर्जाच्या कामासाठी आम्ही खेडोपाडी जात असू. दसरा-दिवाळीनंतर गेलो की दारात कुणी मोठे माणूस भेटायचे नाही. आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ.

“घरी कोन आहे?”

“माय वावरात गेली, कापूस येचाले.”

“अन् तू शाळेत नाही गेलीस?”

“मंग याले कोन पाहीन?”

या उत्तरावर माझ्या कर्जाच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. शाळा सुरू होते पावसाळ्यात, पहिली घटक चाचणी संपते न संपते तोच कापूस फुटतो आणि मोठी बहीण घरी बसते. अनुताई-ताराबाईंनी हे फार आधी ओळखले होते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली आणि त्याला विकासवाडी म्हटले. धाकटा भाऊ पाळण्यात, तर थोरली वर्गात. पुढे ज्या गावांत अंगणवाडी नीट चालू लागली, तिथे कडेवरचे मूल दुपारपर्यंत सेविकेपाशी आणि मुलगी शाळेत, असे मी स्वतः पाहिले आहे. एका मुलाच्या बालवाडीने दोन मुले शिकतात, हा हिशेब मला तेव्हा कळला.

सेविका आणि मदतनीस यांना आजही पगार नव्हे, मानधन मिळते. ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सांगितले, योजना सुरू होऊन ४६ वर्षे झाल्यावर. ग्रॅच्युइटीच्या पैशात मुलीचे लग्न केलेल्या माझ्यासारख्या माणसाने हे लक्षात ठेवायला हवे.

आपण कुठे आहोत?

इतिहासाचा सारांश काढला तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, बालवाडी निघाली ती कामावर जाणाऱ्या आईच्या मुलासाठी, आणि ती घराजवळ, इमारतीत किंवा अंगणात निघाली. दुसरी, तिथे अक्षरांची घाई कुणीच केली नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावरच भर दिला आहे. १९९३ मध्ये यशपाल समितीने तर नर्सरीच्या प्रवेशासाठी परीक्षा-मुलाखती बंद करा, असे सांगितले होते.

आणि आपण? आपली नातवंडे व्हॅनमध्ये बसून लांब जातात, साडेतीन वर्षांची असताना होमवर्क आणतात. आपल्या घरी भांडी-फरशीला येणाऱ्या बायांची त्याच वयाची मुले आपल्याच गेटजवळ वाळूच्या ढिगावर बसलेली असतात, नाहीतर आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात. दोघांचे वय एक, भाषा एक, खेळही एक. पण पंचवीस वर्षांत ती एकत्र बसल्याचे मी फक्त गणपतीच्या प्रसादाला पाहिले आहे.

आपले सभागृह वर्षातून फार तर तीस-चाळीस दिवस उघडते. वाढदिवस, हळदीकुंकू, वार्षिक सभा. बाकी दिवस कुलूप आणि धूळ. बँकेच्या भाषेत याला पडून असलेली मालमत्ता म्हणतात. माझी सूचना अशी आहे. सभागृह आणि पुढचे अंगण रोज सकाळी तीन तास बालवाडीसाठी द्यावे. आपल्या घरची आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायांची मुले, दोन्ही एकत्र. एक प्रशिक्षित ताई मानधनावर नेमावी. मानधन ठरवताना वर सांगितलेला इतिहास आठवावा. गोष्टी सांगायला आपल्याकडे आजी-आजोबा भरपूर आहेत. कामही नाही आणि श्रोतेही नाहीत. श्रावणात वृक्षारोपण, मग तान्हा पोळा, भुलाबाई, दसऱ्याला सगळ्यांची पाटी एका रांगेत. परवानगी आणि नियमांचे काय ते महिला व बालविकास विभागाच्या तालुक्यातल्या कार्यालयात विचारून घेता येईल. कागदपत्रांचे काम मी करतो, ती सवय अजून गेलेली नाही.

आक्षेप येतील, हे मला ठाऊक आहे. भिंती खराब होतील, गोंगाट होईल, विजेचे बिल वाढेल, ‘बाहेरची’ मुले येतील. भिंतींचा आक्षेप १९०७ साली रोममध्ये येऊन गेला आहे आणि त्याचे उत्तरही तिथेच मिळाले आहे. गोंगाटाबद्दल एवढेच म्हणेन, की दुपारी झोपणाऱ्यांत मीच पहिला आहे, आणि बालवाडी सकाळची आहे. बाहेरच्या मुलांबद्दल मात्र प्रत्येकाने घरी बसून विचार करावा. त्यांच्या आया रोज आपल्या घराच्या आत असतात.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी लेखी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. ज्यांची नातवंडे अजून चालायला लागायची आहेत, त्यांनी आधी पुढे यावे, कारण पहिली तुकडी त्यांचीच असेल.