कवार्थ्वाच्या बँडच्या वह्या

लग्नाच्या वरातीपुढे वाजणारा बँड आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. त्या वादकांच्या हातांतील पितळी वाद्यांस काही इतिहास असेल, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. इंग्रजांच्या पलटणींबरोबर ही वाद्ये आपल्याकडे आली, एवढे आपण जाणतो. परंतु ज्या देशातून ती आली तेथील साधी कष्टकरी माणसे त्यांवर काय वाजवीत असत, आणि ते विस्मृतीत गेलेले संगीत दीडशे वर्षांनी पुन्हा कसे ऐकू आले, ही हकीकत बोधप्रद आहे. ती येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आपल्या तुतारीप्रमाणेच त्या काळच्या साध्या बिगुलातूनही मोजकेच स्वर निघत. १८१० साली डब्लिन येथे जोसेफ हॅलिडे याने बिगुलास भोके पाडून त्यांवर चाव्या बसविल्या. पुढे १८१८ साली श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात व्हॉल्व्हचे, म्हणजे बोटाने दाबावयाच्या झडपेचे, पेटंट घेतले. त्यानंतर १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्स याने लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घडणीच्या व्हॉल्व्हच्या वाद्यांचे कुटुंबच निर्माण केले. आता पितळी वाद्यांतून सर्व स्वर निघू लागले आणि दिवसभर भट्टीपुढे राबणाऱ्या मजुरासही उच्च संगीताचे दार उघडले.

दक्षिण वेल्समधील मर्थर टिडविल या गावी कवार्थ्वाचा प्रसिद्ध लोखंडाचा कारखाना होता. त्याचे मालक रॉबर्ट टॉम्पसन क्रॉशे यांनी १८३८ च्या सुमारास स्वतःचा बँड उभा केला. चांगले वादक दूरदूरहून आणून त्यांना कारखान्यात काम दिले. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकाने १८५० साली या बँडची वाखाणणी केली. १८६० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बँडच्या मोठ्या स्पर्धा झाल्या, त्यांत हा बँड उतरला होता. त्याच गावी १८४१ साली जन्मलेला आणि बालपणी मजुरी केलेला जोसेफ पॅरी पुढे नामांकित संगीतकार झाला. त्याने या बँडकरिता ‘टिडविल ओव्हर्चर’ ही स्वतंत्र रचना लिहिली. १८७९ साली क्रॉशे निवर्तले. कालांतराने बँडचे वैभवही ओसरले.

परंतु एक गोष्ट मागे उरली. ती म्हणजे वादकांच्या वह्या. शंभराहून अधिक हस्तलिखित वह्या क्रॉशे यांच्या वाड्यात, जेथे आज संग्रहालय आहे, सुरक्षित राहिल्या. त्यांत नृत्याच्या चाली आहेत, तशाच रॉसिनी, व्हेर्दी व बेथोव्हेन यांच्या रचनाही आहेत. सर्व वाद्यांचा मेळ एकाच पानावर मांडलेला असावा, तशा मात्र या वह्या नव्हेत. प्रत्येक वहीत एकाच वादकाच्या वाट्याचे स्वर आहेत. एक वही हरवली की तेवढा आवाज कायमचा मुका होतो. ट्रेव्हर हर्बर्ट या अभ्यासकाने या वह्यांचे परिशीलन केले. आणि जॉन वॉलेस यांच्या वादकमंडळाने त्यांतील निवडक रचना जुन्या वाद्यांवर वाजवून १९९६ साली ध्वनिमुद्रित केल्या.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. वहीतील स्वर वाचता आले, तरी ते ज्या वाद्यासाठी लिहिले ते वाद्य वाजविणारा कोठे आहे? चाव्यांचा बिगुल आणि ऑफिक्लाइड नावाचे त्याचे थोरले भावंड व्हॉल्व्हच्या वाद्यांपुढे मागे पडून गेले होते. त्यांची बोटे आजच्या वादकास नव्याने शिकावी लागतात. शिवाय इंग्लंडच्या बँडांची पट्टी त्या काळी चढी असे. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जे अंतर असते, त्याच्या सुमारे निम्म्याने ती आजच्या पट्टीहून वर होती. म्हणून जुने वाद्य आजच्या वाद्याच्या शेजारी बसविले तर मेळ बिघडतो. ज्यांच्यापाशी जुनी वाद्ये नाहीत, त्यांनी हे संगीत आजच्या वाद्यांसाठी नव्याने बसवून घ्यावे. त्याचा नाद थोडा निराळा होईल, परंतु चाल जिवंत राहील. दोन्ही मार्ग आदरणीय आहेत. मात्र वही नसेल, तर दोन्ही मार्ग खुंटतात.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्यास कारण आहे. माझे चुलते लष्करी बँडमध्ये कॉर्नेट वाजवीत. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी पाच-सात तरुणांना शिकवून एक बँड उभा केला. त्यांच्या वहीत पाच रेघांवरील इंग्रजी स्वरलिपी होती आणि तिच्याखाली निळ्या शाईने देवनागरीत सारेगम लिहिलेले होते. त्यांच्या पश्चात माळा आवरताना ती वही मीच रद्दीत घातली. मुलांना इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराच्या हातून हे घडले! त्यांच्या शिष्यांपैकी आज एकच गृहस्थ हयात आहेत. ते युफोनियम वाजवीत. गेल्या दिवाळीत मी त्यांना जुनी चाल म्हणून दाखविण्याची विनंती केली. त्यांनी डोळे मिटून खालच्या स्वरांचा आपला भाग अचूक म्हटला आणि मग म्हणाले, “मास्तर, वरची चाल काकांची. ती मला कधी वाजवावीच लागली नाही.”

ज्ञातिबंधु-भगिनींनो, आपल्या घरातील कोणी वडीलधारे पलटणीत, गिरणीत वा गावच्या बँडमध्ये वाजवीत असतील, तर त्यांची वही आधी शोधा. तिच्यावर त्यांचे नाव, गाव आणि वाद्य लिहून ठेवा. वाचता येत नाही म्हणून ती टाकून देऊ नका. वाचणारा पुढे केव्हातरी भेटेल; कवार्थ्वाच्या वह्यांना तो भेटला.