रिकामा डबा टाकू नका

बूट चढवा, चला! पहारेकरी दारावर बुक्के मारतोय, हजेरीची वेळ झाली. पलंगावरून जपून उतरा. खालच्या बऱ्याच फळ्या काढून नेल्यात. कुठे, ते रात्री दाखवतो.

1944 चा फेब्रुवारी. सागान गावाजवळची, वैमानिक कैद्यांसाठी जर्मनांनी उभारलेली छावणी. पाच-पाचच्या रांगेत उभे राहा. चहूकडे पाइनची झाडं, काटेरी तारा, पायांखाली बर्फ. पुढच्याच्या ओल्या लोकरी कोटाला तंबाखूचा आणि न धुतलेल्या अंगाचा वास येतोय. काही महिन्यांपूर्वी तुम्ही लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत मशीनगनवर होतात. विजेवर तापणारा सूट असूनही बोटं बधिर व्हायची. मग आग, पॅराशूट, आणि ओबरउर्झेलची एकांतकोठडी. तिथं हीटर एवढा तापवला, की जीव घुसमटला. तरी नाव, हुद्दा, नंबर यापलीकडे तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. शाबास!

पोटात कावळे ओरडतायत ना? जर्मनांकडून मिळतो काळा, ओलसर पाव, बटाटे आणि पाणचट सूप. सगळ्यांचा जीव अडकलाय रेडक्रॉसच्या पार्सलात. ‘क्लिम’ दूध पावडरीचा डबा उघडा. बिस्किटं कुटा, पावडर आणि मनुका घाला, आणि चुलीवर आपल्या खोलीची पाळी येईपर्यंत दम धरा. केक कापताना सगळ्यांची नजर सुरीवर! एक घास कमीजास्त झाला, तर जिवलग मित्रही दिवसभर बोलत नाहीत. भुकेल्या माणसानं घास मोजावेत, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

रिकामा डबा मात्र जपून ठेवा. रात्री 104 नंबरच्या बराकीत या. शेगडी बाजूला सरकवली, की खाली सुमारे नऊ मीटर खोल उभा खड्डा. शिडीनं उतरा, भुयारातल्या ढकलगाडीवर पालथे पडा. चोरलेल्या तारेवर दिवा मिणमिणतोय, पिवळी वाळू मानेवर झरतेय, घामाच्या वासानं डोकं गरगरतंय. तुमच्या पलंगाच्या फळ्या इथं छताला आहेत. आणि श्वास? तो येतोय एकाला एक जोडलेल्या क्लिमच्या डब्यांच्या नळीतून. मागे एक जण घामाघूम होऊन भाता चालवतोय. उकरलेली वाळू जाते नाटकगृहाच्या खुर्च्यांखाली, जिथं कैदीच नाटकं बसवतात.

मार्चमधल्या एका रात्री याच भुयारातून 76 जण बाहेर पडले. त्यांच्यातल्या काहींबरोबर तुम्ही तो केक वाटून खाल्लाय. तिघेच सुटले. पकडलेल्या 73 जणांपैकी 50 जणांना गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गोळ्या घातल्या.