गणकयंत्राचा ताप

विजेवर चालणाऱ्या गणकयंत्राला पहिल्या दिवसापासून एक व्याधि जडलेली आहे, आणि ती म्हणजे ताप. तारेंतून वाहणारी वीज तार तापविते व ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें जेम्स जूल या इंग्रज संशोधकानें १८४१ सालींच दाखवून दिलें होतें. दिव्यांतून निदान उजेड तरी पदरांत पडतो. गणकयंत्राला पुरविलेली जवळजवळ सारी वीज मात्र शेवटीं उष्णताच होते, आणि ती घालवावी कोठें हा प्रश्न मागें उरतो.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया विश्वविद्यालयांत बांधलेलें 'एनिॲक' हें यंत्र १९४६ च्या फेब्रुवारींत लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओंत असत तसलेच. त्या यंत्राला सुमारें १५० किलोवॅट वीज लागे, आणि एवढी उष्णता बाहेर लोटण्यासाठीं मोठाले पंखे चालवावे लागत. इतके व्हॉल्व्ह एकसारखे जळत राहतील व यंत्र कधीं धड चालणारच नाहीं, अशी शंका जाणत्यांनीं आधींच बोलून दाखविली होती. मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यानें योजिलेला उपाय साधा होता: कोणताहि व्हॉल्व्ह पुऱ्या ताकदीनें वापरावयाचा नाहीं. पुढें अनुभवास असें आलें कीं, चालत्या यंत्रांत व्हॉल्व्ह फारसे बिघडत नाहींत. ते बिघडतात यंत्र सुरू होऊन तापत असतांना, किंवा बंद होऊन निवत असतांना. तेव्हां यंत्र शक्यतों बंदच करूं नये असें ठरलें, आणि बिघाडाचें प्रमाण दोन दिवसांना सुमारें एका व्हॉल्व्हपर्यंत खालीं आलें. ताप चढण्या-उतरण्याचा हेलकावा स्थिर तापापेक्षां घातक, हें निदान साठ वर्षांनीं पुन्हां आठवावें लागणार होतें.

१९४७ सालीं ट्रँझिस्टरचा शोध लागला व हळूहळू व्हॉल्व्हची सद्दी संपली. एकट्या ट्रँझिस्टरची उष्णता नगण्य. पण ते एकेका चिपवर कोट्यवधींनीं बसूं लागले. सेमूर क्रे याच्या १९७६ च्या 'क्रे-१' यंत्रांत शीतपेटीप्रमाणें फ्रिऑन खेळविलेला असे, आणि १९८५ च्या 'क्रे-२' चे भाग तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवांत बुडवूनच ठेविलेले असत. असले थाट प्रयोगशाळांना परवडत. मांडीवर मावणाऱ्या यंत्राची सोय भलतीकडूनच झाली. लॉस ॲलमॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यानें १९६३ मध्यें अंतराळांतील उपयोगासाठीं एक बंद नळी तयार केली होती. तिचेंच धाकटें रूप १९९० नंतर लॅपटॉपांत आलें. तांब्याच्या नळींतील हवा काढून तींत थोडेंसें पाणी ठेवावयाचें. तापलेल्या टोकाशीं त्याची वाफ होते, थंड टोकाशीं ती निवते, आणि दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें पाणी आंतील सच्छिद्र अस्तरांतून आपोआप परत येतें.

पण उष्णतेनें मागें हटण्याचें नाकारलें. ट्रँझिस्टर लहान झाला कीं त्याला वीजहि कमी लागते, असा रॉबर्ट डेनार्ड याचा १९७४ चा नियम. तो २००५ च्या सुमारास लंगडा पडला. २००४ मध्यें इंटेल कंपनीला ४ गिगाहर्ट्झ वेगाच्या पेंटियम-४ चा संकल्प सोडून द्यावा लागला. त्याच जातीच्या चिपेंत २००० सालापासून एक युक्ति होती: फार तापल्यास चिपेनें आपण होऊन वेग कमी करावा. आजच्या चिपा १०० अंशांच्या आसपास पोंचतां हेंच करितात.

खेळांसाठीं बनविलेल्या, २०० वॅटहून अधिक वीज ओढणाऱ्या लॅपटॉपाचें दुखणें येथेंच फसवें होतें. खेळ पंधरा मिनिटें सुरळीत चालतो, मग अडखळूं लागतो. मालक खेळाला दोष देतो, नवें यंत्र घेण्याचा विचार करितो. वस्तुतः थंड यंत्र धड चालतें व तापलेलें मंदावतें, एवढ्यावरून संशय उष्णतेवर जावयास हवा. मग तिच्याच वाटेनें शोध घ्यावा: चिप व तांबें यांमधील थर्मल पेस्ट सुकली आहे काय, पंखा फिरतो काय, आणि पंखा व पत्र्यांची जाळी यांच्या मध्यें धुळीची गोधडी बसली आहे काय. ही शेवटची बाब बाहेरून दिसत नाहीं, म्हणून ती पुष्कळदां सुटते. अंथरुणावर ठेवलेला लॅपटॉप तर आपल्याच वजनानें आपलें नाक दाबतो. शिवाय पंखा खोलीतलीच हवा आंत घेतो. मे महिन्यांत नागपूरच्या दुपारीं ती ४५ अंशांची असली, तर त्याखालीं यंत्र निवणार कसें?

२००८ च्या जुलैमध्यें एनव्हिडिया कंपनीनें आपल्या कांहीं लॅपटॉपांतील ग्राफिक्स चिपा अधिक प्रमाणांत बिघडत असल्याचें जाहीर करून १५ ते २० कोटि डॉलर खर्चासाठीं बाजूस काढले. पुन्हां पुन्हां तापून व निवून आंतील सांधे तडकत होते. एनिॲकचाच तो रोग. कित्येक मालकांनीं मंडलें काढून चक्क भट्टींत भाजलीं. यंत्रें जिवंत होत, आणि थोड्याच दिवसांत पुन्हां मरत.

एकर्टची तोडहि टिकून आहे. चिपेचा विद्युद्दाब किंचित् उतरविला तर वेग न घटतां ताप घटतो, म्हणून जाणते खेळाडू तो उतरवूं लागले. परंतु याच मार्गानें चिपेंतील गुपितें चोरतां येतात असें २०१९ च्या डिसेंबरांत उघड झालें, आणि पुष्कळ यंत्रांत तें दार लावून घेण्यांत आलें.