रात्रीची गाडी आणि आपण बायका

आज बोलायचं आहे रात्रीच्या गाडीविषयी. सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, विदर्भाची विदर्भ एक्सप्रेस, मराठवाड्याची देवगिरी, कोकणची कोकणकन्या, यांतली एखादी तरी आपण पकडलेली असते. लेकीच्या बाळंतपणाला, दवाखान्याला, मंत्रालयावरच्या मोर्चाला, नाहीतर बचतगटाचा माल घेऊन प्रदर्शनाला. संध्याकाळी चूल आवरून निघायचं, आडवं व्हायचं आणि डोळे उघडले की मुंबई. आज हे साधं वाटतं. पण गाडीत पाठ टेकायला मिळणं, आणि बाईमाणसाला भीती न बाळगता पाठ टेकायला मिळणं, या दोन्हीला फार वर्षं लागली. ती कशी लागली, ते आम्ही आज सांगणार आहोत.

पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे आपण शाळेत शिकलो. ३४ किलोमीटरचा प्रवास, तोही दुपारी निघालेला. त्यात झोपायचा प्रश्नच नव्हता. रूळ लांबले तशी रात्र गाडीत काढायची वेळ आली. १८६३ मध्ये बोरघाटाचं काम संपलं आणि मुंबईहून पुण्याकडे सलग गाडी जाऊ लागली. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता जोडलं गेलं, १८७१ मध्ये रायचूरला मुंबई आणि मद्रासकडचे रूळ एकत्र आले.

बोरघाटाचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगूनच पुढे जातो. या घाटाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाकडे होतं. १८५९ मध्ये तो इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. ते कंत्राट पुढे त्याच्या बायकोने, ॲलिसने, जाणकार माणसं हाताशी धरून तडीस नेलं. घाट फोडायला जे हजारो मजूर होते त्यांत आपल्यासारख्या बाया होत्या, पाटी डोक्यावर घेतलेल्या. रोगराईने आणि अपघाताने तिथे हजारो माणसं मेली. ॲलिसचं नाव निदान पुस्तकात सापडतं, पाटीवाल्यांचं एकीचंही नाही. रात्री कर्जतला मागून इंजिन जोडल्याचा धक्का बसतो ना, तो बसला की आम्हाला त्या आठवतात.

तर रात्रीचा प्रवास सुरू झाला, पण झोप कुठली! वरच्या वर्गात साहेबलोकांना गाद्या आणि मोठी जागा. तिसऱ्या वर्गात लाकडी बाकं, आणि बसायला मिळालं तरी नशीब. प्रवासी मात्र सगळ्यांत जास्त तिसऱ्या वर्गाचेच, आणि प्रवाशांकडून रेल्वेला मिळणारा पैसाही मुख्यतः त्यांचाच. ज्यांच्या जिवावर गाडी धावायची त्यांनाच उकिडवं बसून रात्र काढायला लागायची.

हे कसं असायचं ते महात्मा गांधींनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१७ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून मद्रासला मेलगाडीने तिसऱ्या वर्गातून गेले. तिकीट पडलं १३ रुपये ९ आणे. डब्यावर लिहिलेलं होतं २२ जणांसाठी, आणि तेही फक्त बसायला. आडवं व्हायची सोय नाही, आणि काढायच्या होत्या दोन रात्री. पुण्यापर्यंत गर्दी आटोक्यात राहिली, ती आतल्या दांडग्या लोकांनी दार अडवून धरलं म्हणून. रायचूरच्या पुढे तर तिथे ३५ माणसं झाली. काही जण खाली घाणीतच आडवे झाले, काही उभेच. अख्ख्या प्रवासात डबा एकदाही झाडला नाही, संडास धुतला नाही, टाकीत पाणी नाही. गार्ड यायचा तो आणखी माणसं आत कोंबायला. गांधीजींनी साधा हिशेब मांडला: पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे, मग तिसऱ्या वर्गाला त्याच्या पाचव्या, निदान दहाव्या हिश्शाएवढी तरी सोय मिळते का? मैत्रिणींनो, हा हिशेब आपण आजही करून पाहायला हरकत नाही.

आता बायकांचं. १८९० साली रेल्वेचा कायदा झाला. त्याच्या ६४ व्या कलमात लिहिलं की १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखायचा. आणि गाडी ५० मैलांपेक्षा लांब, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या पुढे जाणार असेल, तर त्या कप्प्याला संडास हवा. हे वाचून आम्हाला नवल वाटलं. कारण गाडीतल्या संडासाची जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती एका बाबूची आहे. ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थाने १९०९ मध्ये रेल्वेला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. फणस जास्त खाल्ला, पोट बिघडलं, स्टेशनात उतरून बसलो तर गार्डाने शिट्टी दिली, एका हातात लोटा आणि एका हातात धोतर धरून धावताना सगळ्यांदेखत पडलो, अशी त्याची तक्रार. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलं आहे आणि लोक वाचून पोट धरून हसतात. त्यानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले असं सांगतात. हसायला आम्हीही हसलो. पण त्याच गाडीतल्या बायकांचं काय होत असेल? बाबूला निदान रुळाकडेला बसता येत होतं. बायकांच्या एका कप्प्यासाठी कायदा त्याच्या १९ वर्षं आधीच झाला होता, पण गाडीभर पसरलेल्या बायकांना एक कप्पा कसा पुरणार? आमच्या आज्या सांगायच्या की प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडायचं. ही सवय अजून गेलेली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

बायकांच्या डब्याची दुसरी अडचण म्हणजे घरचा पुरुष दुसऱ्या डब्यात. रात्री स्टेशनाचं नाव दिसत नाही, दिसलं तरी वाचता येत नाही. मग प्रत्येक थांब्याला तो उतरून खिडकीशी यायचा आणि सांगायचा, अजून नाही आलं. एखाद्या थांब्याला तो आला नाही की इकडे जीव टांगणीला. सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक, वळकटी, दशम्यांचं गाठोडं आणि फिरकीचा तांब्या. स्टेशनावरचं पाणी सहसा घ्यायचं नाही, कारण फलाटावर हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं. आणि ज्यांना दोन्हीकडे जागा नाही त्यांनी तहानेने बसायचं.

यावरून बाबासाहेबांची गोष्ट सांगायलाच हवी. १९०१ ची गोष्ट. आई वारलेली, वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला. लहानगा भीमराव, मोठा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं असे चौघे नवे कपडे घालून साताऱ्याहून गाडीत बसले आणि संध्याकाळच्या सुमाराला मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांना पत्र मिळालं नव्हतं, घ्यायला कोणी नाही. स्टेशनमास्तरने प्रेमाने विचारपूस केली. जात कळली आणि तो मागे सरला. एकही गाडीवान मुलांना नेईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं. मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरलं. ती सगळी रात्र पोरांनी पाण्याविना काढली. जवळ शिदोरी होती, पण घोटभर पाण्यावाचून घास उतरेना. आगगाडीने तिकीट सगळ्यांना एकच दिलं, बाकंही एकच दिली, पण स्टेशनाच्या फाटकाबाहेर जुनं गाव तसंच उभं होतं. आगगाडीने जातपात मोडली असं जे सर्रास म्हटलं जातं, ते आम्हाला अर्धंच खरं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकात तिसऱ्या वर्गाच्या डब्यातही दिवे, पंखे आणि झोपायची सोय येऊ लागली. फळ्या एकावर एक तीन. पण त्या फळ्याच, नुसतं लाकूड. १९७४ मध्ये ‘तिसरा वर्ग’ हे नाव गेलं आणि पाटीवर ‘दुसरा’ लिहिलं गेलं. पाटी बदलली, फळी तीच.

ती फळी बदलली आपल्या कोकणच्या माणसाने. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी ठरवलं की दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम घालायचा. २६ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेल्या मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेसपासून ही सोय आली, आणि त्या गाडीला पहिला वर्गच नव्हता. दोन इंच म्हणजे केवढे? आपल्या हाताची तीन बोटं जुळवली तर साधारण तेवढे. नोंदी ठेवणारे मोठमोठे पूल आणि बोगदे मोजतात. आम्हाला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत गरिबाच्या पाठीला रेल्वेने दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट ही दोन इंचांची गादी आहे.

आता आजच्या डब्यात चढू. स्लीपरच्या जुन्या डब्यात ७२ जागा, नव्या डब्यात ८०. एका कप्प्यात आठ जागा असतात: समोरासमोर तीन-तीन आणि वाटेच्या पलीकडे दोन. खालची जागा कशी ओळखायची ते पाठ करून ठेवा. आपल्या नंबरला आठने भागायचं. बाकी १ किंवा ४ उरली तर खालची, ७ उरली तर बाजूची खालची. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे गणित फार उपयोगी पडतं. मधली फळी रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात टाकायची असते. नऊ वाजताच कोणी ती पाडून तुम्हाला मान वाकवून बसवत असेल, तर ‘दहा वाजू दे दादा’ म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. तसंच दहानंतर तुम्ही गप्पा मारत बसून मधल्याची झोप अडवायची नाही.

तिकीट काढताना आणखी एक. लांबच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांत स्लीपरच्या सहा जागा बायकांसाठी राखीव असतात, वयाची अट नाही, एकटी असो की बायकांचा गट. फॉर्म भरताना ‘महिला कोटा’ सांगावा लागतो, न सांगता कोणी देत नाही. ४५ वर्षांवरच्या बायका, गरोदर बायका आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी प्रत्येक स्लीपर डब्यात खालच्या काही जागा वेगळ्या काढलेल्या असतात.

संडासाचंही पुढे काय झालं ते सांगतो. कालपरवापर्यंत गाडीतली घाण थेट रुळावर पडायची, आणि रुळावर काम करणाऱ्या माणसांच्या वाट्याला ती यायची. गेल्या काही वर्षांत डब्याखाली जैविक टाक्या बसवल्या आणि हे थांबलं. त्या टाकीत प्लास्टिक किंवा पॅड टाकला की ती तुंबते, मग पुढची सगळी रात्र सगळ्यांचे हाल. म्हणून पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात.

शेवटी कायद्याचं एक कलम, जे आमच्या गटातल्या एकीला अगदी वेळेवर आठवलं. सध्याचा रेल्वे कायदा १९८९ चा आहे. त्याचं १३९ वं कलम सांगतं की भाडं आणि दंड न भरणाऱ्याला गाडीतून उतरवता येतं. पण बरोबर पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला कुठेही उतरवता येत नाही. ती जिथून निघाली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागी, आणि तेही फक्त दिवसा. मदतीचा फोन नंबरही १३९ च आहे, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं.

आमची ही मैत्रीण जनरलचं तिकीट काढून निघाली होती. जनरलच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती स्लीपरमध्ये शिरली. रात्री दोन वाजता तिकीट तपासनीस आला. फरक आणि दंड मिळून जेवढे पैसे झाले तेवढे तिच्याजवळ नव्हते. ‘पुढच्या स्टेशनावर उतर,’ तो म्हणाला. पुढचं स्टेशन म्हणजे एक दिवा आणि दोन कुत्री. ती उठली नाही. हात जोडून म्हणाली, ‘साहेब, माझी चूक आहे, दंड भरते. पण मी एकटी बाई आहे, रात्री तुम्हाला मला उतरवता येत नाही, १३९ कलम बघा.’ समोरच्या फळीवरची म्हातारी उठून बसली, बाजूचे दोघे जागे झाले. तपासनीसाने तिच्याकडे जरा वेळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि तिला दाराजवळच्या रिकाम्या जागेवर बसायला सांगितलं. उजाडल्यावर जंक्शन आलं. तिथे तिचा भाचा पैसे घेऊन आला होता. तिने दंड भरला, पावती मागून घेतली, घडी करून पदराला बांधली आणि पुढच्या गाडीचं जनरलचं तिकीट काढलं.