भट्टीचा भाता मोटारीवर

अमेरिकेत इंडियानामधील रूट्स बंधूंनी १८६० च्या दशकात परस्परांत गुंतून फिरणाऱ्या दोन पात्यांचे यंत्र घडविले. लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालणे हे त्याचे काम. १९३८ साली जनरल मोटर्सच्या द्विघाती डिझेल इंजिनांवर ते चढले. अशा इंजिनाला स्वतःच्या बळावर श्वास घेता येत नाही. महायुद्धानंतर हौशी कारागिरांनी हेच भाते मिळवून घरच्या गॅरेजात पेट्रोल इंजिनांवर बसविले. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओनंतरच्या दांडग्या गाड्याही त्यांतून सुटल्या नाहीत.

मात्र भाता फुकट राबत नाही. फिरण्याची शक्ती तो इंजिनाकडूनच घेतो. शिवाय दाब वाढला की इंधन अवेळी भडकते, पिस्टन वितळतो. म्हणून जाणता कारागीर आधी कमी दाबाचे पिस्टन घालतो, मगच बॉनेट कापतो.