लाल शाईतली तारीख

भोसरी एमआयडीसीत मी आगीच्या आणि मशिनरीच्या पॉलिस्या विकायचो. डॉक्टरचा विमा म्हणजे त्याच्या स्कूटरचा, एवढीच माझी समज. मग १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' खटल्याचा निकाल लागला. पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात आला आणि चिंचवडचे एक सर्जन माझ्या दारात आले. "पेशंटने दावा लावला तर भरपाई भरणारा विमा, ती इन्डेम्निटी म्हणतात, ती देता का हो?"

डॉक्टरवर दावा ही काही तेव्हाची नवलाई नव्हती. मे १९५३ मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाला टॅक्सीने पुण्याला आणलं. त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर; त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ मध्ये, भरपाई ३,००० रुपये. पंधरा वर्षांनी तीन हजार! एवढ्यासाठी हप्ता कोण भरणार? ग्राहक मंचात मात्र तेव्हा कोर्ट फी नव्हती आणि वकिलावाचूनही तक्रार करता येई.

आमच्या पट्ट्यातले डॉक्टर तरीही निर्धास्त. "कामगार मला पैसे देतच नाही, कंपनी देते." पण नोकरीची अट म्हणून कंपनीने बिल भरलं, तरी तो उपचार फुकट ठरत नाही, हेही त्याच निकालात होतं. ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, तेच: पगारातून वर्गणी कापली जाते, म्हणून कामगार ग्राहक, असं २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

आगीची पॉलिसी आग लागली त्या दिवशी चालू असावी लागते. इन्डेम्निटी मात्र दावा येतो त्या दिवशी चालू हवी, आणि उपचार रेट्रो डेटच्या, म्हणजे पॉलिसी सलग चालू आहे त्या पहिल्या तारखेच्या, नंतरचा हवा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत, त्यामुळे नोटीस येते तेव्हा डॉक्टरला पेशंटचा चेहराही आठवत नाही. चाकणच्या एका डॉक्टरांनी नर्सिंग होमच्या बांधकामाच्या गडबडीत दोन महिने हप्ता चुकवला. पॉलिसी पुन्हा घेतली, पण रेट्रो डेट नवी पडली. नोटीस आली ती त्या तारखेआधीच्या बाळंतपणाची. वकिलाची फीसुद्धा त्यांनी खिशातून भरली. आठवणीचा फोन मी केला नव्हता, तो दोष माझा.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक डॉक्टरच्या नावापुढे दोन तारखा असतात: नूतनीकरणाची निळ्या शाईत, रेट्रोची लाल. डॉक्टरसाहेब, विमा कंपनी खुशाल बदला, पण ती लाल तारीख नव्या पॉलिसीवर जशीच्या तशी छापून घ्या.