सोळा आण्यांचं बीजगणित

मोहोळच्या बाजारात ‘क्ष मानू’ असं कुणी म्हणत नसे, समीकरणं मात्र रोज सुटत. माझे आजोबा आडतीवर दिवाणजी होते. ज्वारी मणाला १२ रुपये म्हटली की अडीच शेराला १२ आणे, हे ते बोरूला हात न लावता सांगत. मण ४० शेरांचा, म्हणजे त्यात अडीच शेर सोळा वेळा. रुपयाचे आणेही सोळाच. दोन्हीकडचे सोळा कटले, आकडा तसाच राहिला. भाव साडेतेरा झाला तर उत्तर साडेतेरा आणे. पाच शेराला दुप्पट, सव्वा शेराला निम्मं. बाराच्या भावात एका शेराचा दर विचारला की मात्र चार आणे साडेनऊ पैच्या किंचित वर गाडी अडे, आणि मग दिवाणजीही पाटी शोधत.

पुढे शाळेत मी फलन शिकवू लागलो, तेव्हा पहिलं उदाहरण हेच दिलं. भाव बदला, उत्तर त्याच नियमानं बदलतं. आणखी काय हवं?

आजोबांकडे युक्ती होती, अज्ञाताला नाव नव्हतं. ते भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त आहे, इसवी सन ११५० च्या सुमाराचं. अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणायचं, लिहिताना नुसतं ‘या’. एकाहून जास्त अज्ञात असतील तर पुढच्यांना रंग द्यायचे: काळा, निळा, पिवळा, तांबडा. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. मग प्रश्नकर्ता सांगेल तशी आकडेमोड करत दोन पक्ष समान करायचे. एका पक्षातलं अव्यक्त दुसऱ्यातून वजा करायचं, सुट्या संख्या उलट बाजूला. आपण नववीत ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ असं घोकून घेतो, त्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथला शिलालेख शके ११२८ चा.

आमच्या आजोबांच्या विद्येला असा मठ मिळाला नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आला, आणि दोन्हीकडचे सोळा एकदमच गेले. अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, पाठ असणारे तेव्हाचे विद्यार्थी आता पंच्याहत्तरी ओलांडून बसलेत. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा. या दिवाळीतच.